पाणी टाळलं आणि रुतलो

गाडी जिथे रुतली तिथे पाणी नव्हतं. पाणी होतं तिथून दोन हात उजवीकडे, घोट्याच्या जरा वर, तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. ते टाळायचं म्हणून मी डावीकडच्या कोरड्या कडेने गाडी घातली आणि पुढचे साडेसोळा तास ती तिथेच उभी राहिली.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण सॅन डिएगो आणि लॉस एंजलिसकडची बरीच मराठी मंडळी हल्ली फोर व्हील ड्राइव्ह घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातात आणि परत आल्यावर फक्त आकाशगंगेचे फोटो दाखवतात. रुतल्याचे फोटो कोणी दाखवत नाही. गाडी माझी, चालवत होतो मी आणि चूकही माझीच, त्यामुळे लिहायला संकोच नाही.

जागा, दिवस, माणसं

अँझा-बोरेगो हे कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, सहा लाख एकरांहून जास्त. सॅन डिएगोहून पूर्वेला, डोंगर उतरून गेलं की दोनेक तासांत पोचता येतं. बोरेगो स्प्रिंग्ज गावाच्या उत्तरेला कायोटी कॅन्यन आहे आणि त्यातून कायोटी क्रीक हा ओढा वाहतो. या वाळवंटात बारमाही पाणी असणारे ओढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक. सलग मात्र वाहत नाही. वाळूत गडप होतो, मग जिथे खडक वर आलाय किंवा जमिनीखालच्या भेगेने पाणी अडवलंय, तिथे पुन्हा वर येतो. ही भेग साधीसुधी नाही. सॅन हासिंटो फॉल्टची ती एक शाखा, आणि १९६८ च्या एप्रिलमधला ६.६ रिश्टरच्या आसपासचा भूकंप तिच्यावरच झाला होता.

या दरीतून माणसं फार पूर्वीपासून ये-जा करतात. कवीया या मूळनिवासी लोकांची इथे वस्ती होती. १७७५ च्या डिसेंबरात स्पॅनिश लष्करी अधिकारी हुआन बाउतिस्ता दे अँझा दोनशेच्या वर माणसं आणि गुरांचे तांडे घेऊन याच वाटेने वर चढला आणि २४ तारखेच्या रात्री त्या काफिल्यातली एक बाई इथेच बाळंत झाली. आमच्याकडे दोन गाड्या, तीन तंबू आणि दिवाळीच्या फराळाचे चार डबे होते आणि तरी आमची फजिती झाली, म्हणून त्या बाईची आठवण काढली.

दिवाळीच्या आधीचा शनिवार मुद्दाम निवडला होता. अमावस्या जवळ आलेली म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवणार, तारे बघायला अंधार मिळणार. संध्याकाळी सहानंतर काम करावं लागलं तर उजेड नसेल, हा त्याच तिथीचा दुसरा अर्थ. तो तेव्हा कोणाच्याच डोक्यात आला नाही.

या ठिकाणी शरद ऋतूची आणखी एक भानगड आहे आणि ती महत्त्वाची आहे. १ जून ते ३० सप्टेंबर ही दरी माणसांना बंद असते. त्या उन्हाळ्यात बिगहॉर्न रानमेंढ्यांना पाण्यावर यायला दुसरी जागा नसते. १९९८ पासून इथल्या या मेंढ्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत, आणि बोरेगो या शब्दाचा अर्थच मुळी कोकरू. १ ऑक्टोबरला वाट उघडते. म्हणजे ऑक्टोबरात जाणाऱ्याला चार महिने चाक न फिरलेली वाट मिळते. मधल्या काळात एखादी वादळी सर येऊन गेली असेल तर वाळूची मांडणीच बदललेली असते. सुरुवातीला येणाऱ्या गाड्या आपापल्या अंदाजाने चाकोऱ्या पाडतात आणि मागून येणारा त्या चाकोऱ्यांनाच रस्ता समजतो. मी तो मागून येणारा.

आम्ही सात जण. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी. मित्र आणि त्याची बायको, त्यांची रँग्लर जीप. दुसरा एक मित्र आणि साताऱ्याकडून तीन महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. त्यांची गाडी बुटकी, म्हणून ती डांबरी रस्त्याच्या टोकाला ठेवली आणि दोघे रँग्लरमध्ये बसले. माझी दहा वर्षं जुनी फोररनर पुढे. काकांचं आयुष्य माणदेशात गेलेलं. माण नदीच्या पात्रातून बैलगाडी, मग ट्रॅक्टर आणि पुढे जीपही त्यांनी पार केलेली.

काय घडलं

डांबर संपलं तिथे टायरमधली हवा कमी केली. ३३ पीएसआय होती, १८ वर आणायची ठरलेलं. माझा कॉम्प्रेसर लहान, एक टायर भरायला दहा मिनिटं घेतो. परतताना चार टायर म्हणजे चाळीस मिनिटं, असा हिशेब मनात केला आणि २५ वर थांबलो. ‘एवढी बास’ असं मोठ्याने म्हणालोही. रँग्लरवाल्याने तर हवा सोडलीच नाही. त्याचं म्हणणं, पुढे दगड आहेत, रिम ठोकेल.

हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं आणि चार व्हॉल्व्हपाशी उकिडवं बसणं यांत मात्र फरक पडला.

चार वाजून पाच मिनिटांनी ओढा रस्त्याला आडवा आला. समोर दोन वाटा दिसत होत्या. एक सरळ पाण्यात उतरणारी. दुसरी डावीकडे वळून, पाण्याला वळसा घालून पुढे अरुंद जागी जेमतेम फूटभर धार ओलांडणारी. डावीकडे दोन-तीन गाड्यांच्या चाकोऱ्या स्पष्ट होत्या आणि वर पांढुरका कोरडा पापुद्रा. उजवीकडचं पाणी पंधरा-वीस फूट रुंद.

काका रँग्लरमधून उतरून पुढे आले. हात मागे बांधून थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, “उतार पाण्यातनंच हाय. पाण्यातनं घाल. कडंला बसंल ती.”

मी म्हणालो, “काका, तिकडे गाड्या गेल्यात की. चाकोऱ्या दिसतायत.”

“गेलेल्या दिसत्यात. आल्याली दिसती का एक तरी?”

हे वाक्य मी ऐकलं आणि हसलो. उतरून, काठी घेऊन दोन्हीकडे टोचून बघायला तीन मिनिटं लागली असती.

डावीकडे घातली. तीस फूट बरी गेली, मग पुढची दोन्ही चाकं एकदम खाली बसली, एखादी पायरी चुकावी तशी. इथे दुसरी चूक केली: ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगरली, पापुद्रा फाटला आणि खालून करडा, दह्यासारखा गाळ वर आला. लो रेंजला, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरला, टाकून मागे-पुढे करून पाहिलं. आठ मिनिटांत मागचा ॲक्सल गाळाला टेकला. दार उघडलं तर खालची कड जमिनीवर घासली.

कोरडं का रुतवतं

याचा उलगडा मला दुसऱ्या दिवशी झाला, पण इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

वाहत्या पाण्याखाली तळाला गोटे आणि जाड वाळू उरते. बारीक गाळ धार पुढे घेऊन जाते आणि जिथे तिचा जोर संपतो तिथे, म्हणजे कडेला आणि वळणाच्या आतल्या बाजूला, टाकते. त्यामुळे ओढ्याचा मधला भाग ओला पण घट्ट, आणि कड कोरडी पण पोकळ. वरचा पांढरा पापुद्रा म्हणजे सुकलेले क्षार. खालून पाणी सतत वर शोषलं जातं आणि उडून जाताना मीठ मागे ठेवून जातं. म्हणजे तो पांढरा रंगच खाली पाणी असल्याची खूण होती. आम्ही तोच कोरडेपणाचा पुरावा मानला.

आणि ही कड काही तासांपूर्वी पाण्याखाली असण्याचीही शक्यता होती. काठावरचे विलो आणि कॉटनवूड दिवसभर मुळांनी पाणी ओढतात. दुपारी उशिरा ओढा सर्वांत रोडावतो, रात्री झाडं थंडावली की पुन्हा भरतो, पहाटे सर्वांत भरलेला असतो. मुलीने संध्याकाळी सहज खेळ म्हणून पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली होती. सकाळी पाणी त्या काटकीच्या पलीकडे वीतभर सरकलेलं होतं. रात्रभर आकाशात ढगाचा पुंजका नव्हता, पाऊस तर दूरच. चार वाजता पोचणारा माणूस ओढ्याची सगळ्यात बारकी कड बघतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो.

ओढून काढायचा पहिला प्रयत्न

रँग्लर मागे, वीस फुटांचा पट्टा, दोन्ही टोकांना शिवलेले फास. मित्राने एक टोक त्याच्या गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, म्हणजे टो बॉलला, अडकवायला घेतलं. मी नको म्हणालो आणि पाच मिनिटं वाद झाला. टो बॉल ट्रेलर ओढायला असतो. अडकलेल्या गाडीचा हिसका बसला की तो दांड्यापासून तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि माणसं मेल्याची उदाहरणं आहेत. आमच्याकडे शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायची लोखंडी कडी, होतं, पण ते गाडीला लावायचा जोड घरी गॅरेजमध्ये. शेवटी पट्ट्याचा फास गाडीच्या मागच्या हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या, चौकोनी नळीत घालून त्यातून हिचचीच पिन ओवली. ही युक्ती चालते आणि सुरक्षित आहे.

जोडणी बरोबर जमली, गाडी मात्र हलली नाही. वीस फूट पट्टा म्हणजे ओढणारी गाडीही जवळपास त्याच गाळावर. तिच्या टायरमध्ये पूर्ण हवा. तिसऱ्या झटक्याला रँग्लरची मागची चाकंही खणायला लागली. बायको ओरडली, “अरे, ती पण घालवाल! थांबा आता.” थांबलो. या सगळ्या संध्याकाळात वेळेवर घेतलेला पहिला निर्णय तोच, आणि तो माझा नव्हता.

पाच वाजून दहा मिनिटं

सूर्य पश्चिमेच्या सॅन इसिड्रो डोंगरामागे गेला होता. उजेड तासाभराचा. फोनला रेंज नाही, सॅटेलाइट मेसेंजर चालू. पाणी भरपूर, माणशी दिवसाला एक गॅलन या हिशेबाने तीन दिवसांचं. रँग्लर शाबूत, म्हणजे दोन खेपांत सगळ्यांना गावात नेता आलं असतं. जिवावरचा प्रसंग नव्हता, हे स्पष्ट सांगतो. गोष्ट रंगवायला तसं म्हणणं सोपं असतं.

मित्राचं म्हणणं, हेडलाइट लावून आत्ताच खणू. त्याचा मुद्दा खरा होता: गाळात गाडी जितका वेळ उभी, तितकी ती खाली बसते आणि गाळ तिला धरून ठेवतो. दुसरा पर्याय, गावात जाऊन सकाळी टो बोलावायचा. वाळवंटातून गाडी काढायचे आकडे ऐकून पोटात गोळा येतो. शिवाय रात्री त्या दगडाळ वाटेवरून दोन खेपा मारणं मला खणण्यापेक्षा धोक्याचं वाटत होतं. काकांचं म्हणणं, गाडीजवळच वाळूत पथाऱ्या टाकू, मऊ आहे, माणच्या पात्रात जन्मभर झोपलो.

इथे काकांचं चुकत होतं, आणि तेही नम्रपणे सांगावं लागलं. हा ओढा वरच्या अँझा पठाराचं आणि दोन्ही अंगांच्या डोंगरांचं पाणी घेऊन येतो. इथे आकाश निरभ्र असताना पंचवीस मैलांवर सर पडली तरी लोंढा इथे येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने या भागात काय केलं ते ताजं आहे. अंदाजात पाऊस नव्हता, पण पात्रात झोपायचं नाही हा नियम अंदाज बघून ठरवायचा नसतो.

ठरलं ते असं: गाडीतलं सगळं सामान बाहेर काढायचं, दोनशे पावलांवरच्या उंच पठारावर तंबू लावायचे, गाडी तशीच सोडायची. सामान काढल्याने गाडी हलकी होईल, आणि समजा लोंढा आलाच तर लोखंड जाईल, बाकी काही नाही. गाडी आणखी बसेल हे कबूल करून घेतलेला निर्णय होता. मित्र रुसला. तासभर बोलला नाही, मग चिवड्याच्या डब्याजवळ आपणहून आला.

रात्र चांगली गेली, हे लिहायला हवं. पार्कात उघड्या जमिनीवर शेकोटी चालत नाही, धातूच्या भांड्यातच हवी आणि राखसुद्धा परत न्यायची. म्हणून घमेलं आणलं होतं आणि लाकूड घरून. इथली काटकीही उचलायची नाही. काकांना ते पटेना. “वाळल्यालं लाकूड, कुणाच्या बाचं हाय?” अंधारात त्यांच्या कोल्हापुरीला चोया निवडुंगाचा गोळा चिकटला. हाताने ओढला असता तर हातालाच बसला असता. बायकोने कंगव्याचे दात खाली सरकवून तो उडवला. दूर कायोटी (कोल्ह्यासारखं जनावर) ओरडत होते. मी मात्र अर्धी रात्र त्यांच्यापेक्षा पाण्याचाच आवाज ऐकत होतो, तो वाढतोय का म्हणून.

सकाळ

सहाला गेलो. गाडी दोन-अडीच इंच आणखी बसलेली, पुढच्या चाकांभोवती पाणी साचलेलं. मित्र काही बोलला नाही, त्याचे आभार.

काम चाललं ते जॅकने. गाळात जॅकच खाली जातो, म्हणून त्याखाली रुंद फळी हवी. फळी नव्हती. होता पोळपाट. बायकोने तो माझ्याकडे दिला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. लग्नात आलेला, सागवानी, तीन पायांचा. पाय गाळात रुतून बसले, पोळपाट बसला छान, डाव्या मागच्या चाकाला काम झालंही. उजव्या चाकाच्या वेळी मात्र त्याला मधोमध तडा गेला, दोन्ही अर्धी होडीसारखी वर आली. मग एक ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड द्यायची खाचांची पट्टी) जॅकखाली आणि दुसरा चाकाखाली, असं एकेक चाक उचललं.

पण त्याआधी काकांनी जे केलं त्याने खरा फरक पडला. फावडं घेऊन त्यांनी चाकाजवळच्या खड्ड्यातलं साचलेलं पाणी उताराच्या बाजूला चर काढून सोडून दिलं, उसाच्या सरीला पाणी फोडतात तसं. पाणी गेल्यावर गाळाची पकड सुटली. चाक वर येताना मोठा चुळकन आवाज झाला आणि मुलगी खो खो हसली.

मग टायर १५ वर आणले, दोन्ही गाड्यांचे. दोन पट्टे जोडून लांबी वाढवली, रँग्लर घट्ट जमिनीवर नेली. आणि पुढे नाही, आल्या वाटेने मागे. झटका न देता, सावकाश ताण. आठ वाजून पन्नास मिनिटांनी फोररनर बाहेर.

त्यानंतर काठी घेऊन आम्ही पाण्यात उतरलो. मधोमध खोली नऊ इंच. काठी खाली टक् करून गोट्याला लागते, आत जात नाही. कडेला तीच काठी एका हाताच्या दाबाने कोपरापर्यंत गेली. रँग्लर मधून घातली, चालण्याच्या वेगाने, न थांबता. काका पुढच्या सीटवर. पलीकडे जाऊन त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. ते मला जास्त लागलं.

मी माझी गाडी पलीकडे नेली नाही. ब्रेकमध्ये गाळ, पुढे दगडांची चढण, आणि मन कालच्या जागेवर. ते लोक वर भटकून येईपर्यंत आम्ही तिघे तिथेच थांबलो. खड्डे बुजवले. डावीकडच्या चाकोऱ्या फावड्याच्या पाठीने आणि तंबूच्या ताडपत्रीने फरफटत पुसल्या. ती बाजू मुळात रस्ताच नव्हती. इथे आखलेली वाट सोडायला परवानगी नाही आणि आम्ही ती सोडली होती. पुसून झाल्यावर कड पुन्हा कोरी, पांढरट दिसायला लागली. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला, कॉटनवूडच्या सावलीत जाऊन चकल्या खाल्ल्या आणि तिघेही झोपलो.

दोन तासांनी रँग्लरचा आवाज आला म्हणून उठून खाली आलो. पुसलेल्या जागेवर, डावीकडे, एका रुंद टायरचे ताजे दोन पट्टे उमटले होते. जेमतेम दोन विती आत गेलेले आणि तिथूनच तसेच मागे आलेले.

“शाना हाय ह्यो,” काका म्हणाले.

बोरेगो स्प्रिंग्जला पोचून टायर भरायला लागलो. एकेक टायर, बारा मिनिटं. पोळपाटाचे दोन तुकडे मागच्या सीटवर होते. बायकोने ते फेकू दिले नाहीत.